मडक्यातलं मीठ

आईच्या तेराव्याला जो तो एकच वाक्य बोलत होता. नवऱ्यासाठी जगली, मुलांसाठी जगली, नातीसाठी जगली. मी चहाचे कप गोळा करत ते ऐकत होते आणि मला बोलणाऱ्या प्रत्येकाचा संशय येत होता. असलं वाक्य कोणत्याही बाईच्या हार घातलेल्या फोटोखाली चालतं. शिवाय त्यातल्या निम्म्या लोकांना आईने आयुष्यभर दारातूनच परत पाठवलं होतं, कारण तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

खरं तर तिचा कोणावरच नव्हता. दुधाची पिशवी घरात आली की कापायच्या आधी ती बोटाने दाबून बघायची आणि स्वतःशीच हुं करायची. लिफ्टमध्ये आधी एक पाय टाकून थांबायची, लिफ्टचा काही वेगळा विचार नाही ना ते पाहायची, मग दुसरा पाय. समोरच्या गुजराती भाभींनी वाटीभर ढोकळा पाठवला की वाटी हातात धरून म्हणायची, "कायतरी काम असंल हिचं." आणि भाभींचं खरंच काहीतरी काम निघायचं, हे जास्त वाईट. मी माझ्या घरून, हाटकेशहून, तिला भेटायला गेले की पाण्याचा पेला पुढे करायच्या आधी ती विचारायची, "रिक्षावाल्यानं कुठून फिरवून आणलंन?" मी सरळ रस्त्याने आले असं सांगितलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही. हा स्वभाव मी तिच्याकडूनच घेतलाय. माझा नवरा म्हणतो, तू मंदिरात चप्पल काढतेस तेव्हासुद्धा देवाकडे नाही, चपलेकडे बघतेस. खोटं नाही ते.

आम्ही भाईंदर पश्चिमेच्या जुन्या गावातले. खाडीच्या बाजूला आमचं भात पिकायचं आणि भात निघालं की बाबा त्यांच्या वडिलांबरोबर मिठागरावर जायचे. मिठागर बंद पडलं, बाबा कारखान्यात लागले, आणि आमच्या कौलारू घराच्या जागी बिल्डिंग उभी राहिली. तिच्यातच तिसऱ्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. तिथे आई-बाबा, माझा मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी असे राहायचे. त्या नव्या घरात सगळ्यात आधी आत गेलं ते मीठ. एका मातीच्या मडक्यात जाडं खडेमीठ भरून आईने ते छातीशी धरून आत नेलं आणि देवाच्या फळीखाली कोपऱ्यात ठेवलं. बिल्डर दारात पेढे घेऊन उभा होता, त्याला बाजूला हो म्हणाली.

मिठाच्या बाबतीत आमच्याकडे नियम फार. मीठ हातावर द्यायचं नाही, भांडण होतं. भाभींना सवय नव्हती, त्या हात पुढे करायच्या, तर आई त्यांना हिंदीत दरडावायची, "नमक हाथ में नहीं देते भाभी, नीचे रखो, फिर उठाओ." तिन्हीसांजेला मीठ घराबाहेर जायचं नाही. आणि मीठ सांडायचं तर मुळीच नाही. सांडलं तर खडा न् खडा हाताने उचलायचा, कारण जो सांडेल त्याला मेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं. लहानपणी मी आडवी पडून पापणीने खडा उचलता येतो का ते करून पाहिलं होतं. येत नाही.

ते कोपऱ्यातलं मडकं दृष्टीसाठी होतं. रोज दिवेलागणीला आई त्यातले चार खडे घ्यायची, डब्यातल्या मोहऱ्या घ्यायची, नातीवरून ओवाळायची, बाबांवरून ओवाळायची आणि गॅसच्या पेटत्या बर्नरवर टाकायची. तडतडलं की आईचा चेहरा उजळायचा. "बघ, किती लागली व्हती." कोणाची लागली होती तेही तिला साधारण माहीत असायचं. बर्नरची भोकं बुजतात म्हणून वहिनी कुरकुर करायची, पण मुलीचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला की गप्प बसायची. त्या मडक्यातलं मीठ कोणी जेवणात घालत नसे. दृष्टीचं मीठ खायचं असतं, हे आमच्या घरात कोणाच्या मनातही आलं नसतं.

एकाच माणसावर आईचा विश्वास आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. बाबांवर. कुठे जाता, कोण भेटलं, उशीर का झाला, हे तिने बाबांना कधी विचारलं नाही. बाबा मुळात कमी बोलणारे. कोणी अडचणीचं काही विचारलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

मग बाबांना अर्धांगाचा हलका झटका आला. तोंड थोडं वाकडं झालं, जीभ जड झाली, उजव्या हाताची पकड गेली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, बीपी आटोक्यात राहिलं नाही तर पुढचा झटका हलका नसेल. मीठ बंद. लोणचं बंद, पापड बंद, सुकट-बोंबील बंद. आई बाबांच्या चपला हातात घेऊन उभी होती. मिठागरावर वाढलेल्या माणसाचं मीठ बंद करणारा हा कोण, अशा नजरेने ती डॉक्टरांकडे बघत होती. पण घरी आली आणि त्याच संध्याकाळी डाळीचं वेगळं पातेलं चढवलं.

तिने बाबांसाठी जे केलं ते मी पाहिलंय. रोज सकाळी गॅलरीत ऊन आलं की ती त्यांचा हात मांडीवर घ्यायची, कोमट तेल चोळायची आणि भिजवलेल्या कणकेचा गोळा त्यांच्या मुठीत द्यायची. "दाबा." बाबा दाबायचे. "कणीक हाय ती, फूल न्हाय. दाबा." त्याच कणकेच्या पोळ्या व्हायच्या. आधी पाच बोटांचे पुसट ठसे उमटायचे, पुढे पुढे खोल उमटायला लागले. जेवताना माशाचा काटा न् काटा काढून ती त्यांच्या ताटात घास ठेवायची. एकीकडे नातीची वेणी चाललेली, डब्यात काय दिलंय ते तिला न सांगता डबा भरणं चाललेलं, कारण सांगितलं तर ती दुसऱ्यांना देऊन टाकते असा आईचा संशय होता. तो खरा होता.

एवढं करूनही बाबांचं बीपी उतरेना. औषध वाढवलं, तरी नाही. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन विचारलं, "घरात मीठ देत नाही ना कोणी?" भाऊ घरी आला तो आईकडे बघतच.

माझा भाऊ तसा शांत, पण आईचाच मुलगा. त्याने मिठाची बरणी माळ्यावर टाकली, स्टूल लावल्याशिवाय हाताला येणार नाही अशी. वहिनी रोज बाबांच्या वाटीतली डाळ चाखायला लागली. नातीलाही एक घास दिला जायचा. ती तोंड वाकडं करून म्हणायची, "शी, यात काहीच नाही." हा पुरावा कोणी धरला नाही. मीही रविवारी गेले की भांडी घासायच्या निमित्ताने पातेली हुंगायचे. आई सगळं बघत होती. एकदा मी बाबांच्या वाटीत बोट बुडवलं तर म्हणाली, "चाख, चाख. घरच्या माणसांचा पण इस्वास न्हाय ऱ्हायला." हे तिने म्हणावं याचं मला हसू आलं होतं.

आणि मग एका रविवारी दुपारी मी तिला बाबांच्या खाटेशी उकिडवी बसलेली पाहिली. खाटेखाली हात घालून ती काहीतरी उचलत होती. बाबा उशीला टेकून टीव्ही बघत होते. माझी चाहूल लागली तशी ती मूठ बंद करून उठली.

"काय आहे हातात?" मी विचारलं.

"कचरा."

कचरा कोणी मुठीत घट्ट धरत नाही. मी तिची मूठ उघडली. आत मिठाचे खडे होते. तेवढ्यात वहिनी दारात आली, तिने खडे पाहिले आणि भावाला हाक मारली. भाऊ आला. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"म्हणजे तूच," भाऊ म्हणाला. "आई, तू मारणार आहेस त्यांना. डॉक्टर काय बोलले, समजतंय का तुला?"

मी वाट पाहिली. दूधवाल्याला तीन वाक्यांत गारद करणारी ही बाई, ती आता काहीतरी म्हणेल. मी नाही दिलं, एवढं तरी. तिने खडे पदराच्या टोकाला बांधले, स्वयंपाकघरात गेली आणि तांदूळ निवडायला बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे कबुलीच, असं आम्ही तिघांनी ठरवलं. त्या दिवसापासून बाबांचं ताट वहिनी वाढायला लागली. आई समोर बसून काटे काढायची तेवढंच.

पुढे एक दिवस आई ओट्याशी उभी असताना घसरून पडली. आदले दोन दिवस ती विसरल्यासारखी बोलत होती, वहिनीला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. आम्हाला वाटलं, वय झालं. दवाखान्यात रक्त तपासलं तर डॉक्टरांनी विचारलं, "सोडियम फारच कमी झालंय. या मीठ खात नाहीत का?"

मिठागरवाल्यांच्या घरातली बाई मिठावाचून पडली होती. शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं तेव्हा समजलं, पहिल्या दिवसापासून ती बाबांच्याच पातेल्यातलं जेवत होती.

"ते अळणी खातील, आन मी त्यांच्याम्होरं मीठ घालून खाऊ? मना न्हाय जमत."

तिच्या हाताला सलाईन लावलं होतं. "ह्या बाटलीत काय हाय?" तिने विचारलं. मिठाचं पाणी आहे, असं मी सांगितलं. तिने बाटलीकडे संशयाने पाहिलं. "चाखून बघितलंस?"

भाऊ मला बाहेर पॅसेजमध्ये म्हणाला, "म्हणजे स्वतः खात नाही आणि त्यांना देते? काय चाललंय हिचं?" मला वाईट वाटत होतं, पण संशय गेला नव्हता. उलट तो आता आणखी गुंतागुंतीचा झाला होता.

त्यानंतर घरात अजब कारभार सुरू झाला. एकाला मीठ देऊ नका, एकीला दिल्याशिवाय सोडू नका. आईच्या ताटात वहिनी वरून मीठ घालायची आणि आई बाबांकडे पाठ करून जेवायची. मी एकदा विचारलं, अशी का बसतेस? म्हणाली, वारा लागतो.

ती गेली ती दुपारची. मेथी निवडत बसली होती, भिंतीला टेकली, संपलं. अर्धी जुडी निवडायची राहिली होती. ती वहिनीने निवडली, पण शिजवली नाही.

आता इथून पुढचं तेराव्याला कोणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

आई गेल्यावर वहिनी बदलली. आयुष्यभर बर्नरवरून कुरकुर करणारी ती, स्वतः दिवेलागणीला दृष्ट काढायला लागली. "आईंचं होतं, बंद नको पडायला," असं मला म्हणाली. देवाच्या फळीखालचं मडकं तिने धुतलं, वाळवलं आणि बाजारातून खडेमीठ आणून काठोकाठ भरलं. मला बरं वाटलं. तिचं मन मोठं आहे, असं मी घरी नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

महिन्याभरात बाबांचं बीपी पूर्वी कधी नव्हतं तितकं चढलं. डॉक्टर चिडले. भाऊ घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसून राहिला. "आई तर गेली. मग आता कोण देतंय?" त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, कारण रविवारचे डबे मी आणते. मला नाक्यावरच्या वडेवाल्याचा संशय आला. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढच्या रविवारी भाऊ आणि त्याची मुलगी बाहेर गेले होते, वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी बाबांना औषध द्यायला अनवाणी गेले आणि खाटेजवळ पायाखाली काहीतरी कुरकुरलं. वाकून पाहिलं. मीठ. एक खडा इथे, दोन तिथे, खाटेखाली बरेच. मी गुडघ्यावर बसले आणि खड्यांच्या मागे मागे गेले. ते दारातून बाहेर गेले होते, पॅसेजमधून, देवाच्या फळीपर्यंत. मडक्यावरचं झाकण तिरकं होतं आणि काठोकाठ भरलेलं मीठ बरंच खाली गेलं होतं.

आई ज्या दिवशी मूठ बंद करून उठली होती त्या दिवशी ती काय करत होती, हे मला तिथे, जमिनीवर बसल्या बसल्या समजलं. ती देत नव्हती. ती सांडलेलं उचलत होती. तिने स्वतः कणीक दाबायला लावून बळ आणलेल्या त्या हाताची पकड अजून कच्ची होती, त्यातून खडे निसटत होते, आणि ते सांडणाऱ्याला मेल्यावर पापण्यांनी वेचावे लागू नयेत म्हणून ती मागोमाग वेचत होती.

मी टीव्ही बंद केला. "बाबा, हे तुम्ही खाता?"

ते समोरच्या काळ्या पडद्याकडेच बघत होते. मग जड जिभेने म्हणाले, "जिभंला चव न्हाय ऱ्हात. एक खडा ठेवला का जरा बरा वाटतं."

"आईला माहीत होतं?"

"मना वाटायचं न्हाय. येकदा मडक्यातलं सगलं संपलं. मी घाबरलो. आता हिला कलंल. दुसऱ्या दिवशी बघितलं तर परत व्हतं. जरासंच. तलाशी. मग रोज तेवढंच असायचं. त्याच्याऊन जास्ती कदी न्हाय."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"ती पण न्हाय बोल्ली."

मला राग आला. इतका राग मला बाबांचा कधी आला नव्हता. मुलाने तिला तोंडावर सांगितलं की तू नवऱ्याला मारणार आहेस, आणि हा माणूस रिमोट हातात घेऊन बसला होता. मी तसं बोलूनही टाकलं. ते रडले. त्या वाकड्या तोंडाने रडणं फार वाईट दिसतं. मी त्यांचं तोंड पुसलं, पण राग गेला नाही, आजही पूर्ण गेलेला नाही.

मग मी विचार करायला लागले, आईच्या पद्धतीने. तिने मडकं लपवलं का नाही? कारण मडकं लपवलं असतं तर बाबा लिफ्टने उतरून नाक्यावर गेले असते. तिथे वडे होते, तळलेल्या मिरच्या होत्या, फरसाण होतं आणि मोजणारं कोणी नव्हतं. तिने एवढ्या वर्षांत त्यांना कुठे जाता म्हणून विचारलं नव्हतं, ते विश्वास होता म्हणून नव्हे. तिला सगळं माहीतच असायचं. तळाशी ठेवलेलं ते जरासं मीठ म्हणजे तिने घातलेली वेसण होती. आणि वहिनीने, बिचारीने, भक्तिभावाने मडकं काठोकाठ भरून ती सोडून दिली होती.

भावाला सांगितलं तर काय होणार हे मला दिसत होतं. तो मडकं फेकणार. लेकासुनेसमोर, नातीसमोर बाबांची चोरी उघडी पडणार, आणि दुसऱ्या दिवशी ते भिंत धरत धरत नाका गाठणार. न सांगावं तर त्यांचा जीव माझ्या गळ्यात. आईने हे ओझं मरेपर्यंत एकटीने कसं वाहिलं कोण जाणे.

मी मडकं उचलून आणलं. मीठ एका पिशवीत ओतलं आणि पिशवी माझ्या पर्सच्या तळाशी कोंबली.

"आई किती ठेवायची?" मी विचारलं.

बाबांनी उजवा हात वर केला आणि अंगठा आणि बोट यांच्यात अंतर दाखवलं.

"खरं सांगा."

त्यांनी अंतर थोडं कमी केलं. मी त्याच्याही निम्मं ठेवलं. झाकण लावलं, मडकं फळीखाली जागेवर नेऊन ठेवलं आणि परत येऊन खाटेखाली हात घातला. खडे बारीक होते, धुळीत मिसळले होते. झाडूने एका फटक्यात झाले असते, पण झाडूला हात लावावासा वाटला नाही. एकेक उचलून मुठीत गोळा करत गेले. बाबा वरून बघत होते.

शेवटचे खडे उचलत होते तेव्हा दारात पावलं थांबली. वहिनी उभी होती, कपड्यांची रिकामी बादली हातात. तिने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, माझ्या बंद मुठीकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. या घरात ती नजर नवी नव्हती.

"काय आहे हातात?" तिने विचारलं.

"कचरा," मी म्हणाले.

बाबांनी टीव्ही लावला आणि आवाज वाढवला.